कुकरचा फोन

शिजलेल्या हळकुंडातून खराट्याची काडी आरपार जाते. कच्च्यात ती मोडते.

*

भावसिंगच्या अंगठ्यांवर रेषा उरलेल्या नाहीत. रेशनच्या मशीनवर तो एकेक बोट लावून बघतो. मागचे लोक पिशव्या हलवत उभे राहतात.

*

"सर, दो मिनट बात हो सकती है?"

"बोला ना बाई. तुमच्याकडं आभाळ आलंय का?"

*

पुण्याहून आलेल्या फोनच्या पाठीवर चावलेलं सफरचंद आहे. मिराबाईनं ते पदरानं पुसलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, "उष्टं दिलं की हो पोरानं."

*

जनकाबाईनं अंगणातल्या ओल्या हळदीच्या ढिगावर पाला पसरला. मग हात धुतले आणि रस्त्याकडं बघितलं.

*

मार्चात पाऊस पडू नये.

चेहरा

भावसिंगचा कुकर म्हणजे ट्रॅक्टरमागं ओढायचं एक धूड. खाली भट्टी, वर पाण्याची टाकी, बाजूला हळद भरायचे लोखंडी ड्रम. हळद निघायला लागली की कुकर तांड्यावरून निघतो आणि वसमतच्या अलीकडच्या गावांतून शेतोशेत फिरतो. बरोबर घरचीच माणसं. भट्टीवर भावसिंग, ड्रम भरायला बायको मिराबाई आणि सून संगिता, ट्रॅक्टरवर मुलगा सुदाम. सुदाम पुण्यात मोबाईलच्या दुकानात आहे. हंगामाला सुट्टी काढून येतो.

कुकर कुणाकडं कधी जायचा हे फोनवर ठरतं. शेतकरी हळद काढतो, ढीग लावतो आणि भावसिंगला फोन करतो. तो फोन आल्याशिवाय भावसिंग कुणाच्या बांधावर जात नाही. न बोलावता कुकर दारात नेला, तर काम मागायला आल्यासारखं दिसतं.

बरीच वर्षं हा फोन बटणांचा होता. या हंगामाच्या तोंडाशी तो बंडीच्या खिशातून ड्रममध्ये पडला आणि हळदीबरोबर शिजला. सिम तेवढं जगलं. सुदामनं ते कापून आपल्या जुन्या आयफोनात बसवलं आणि तो फोन बापाला दिला. स्वतःसाठी त्यानं नवा घेतला होता.

"बा, हा तुमचा चेहरा ओळखून उघडतो. दुसऱ्या कुणाला उघडायचा न्हाई."

"दुसऱ्या कुणाला काहून उघडायचा न्हाई?"

"चोरी झाली तर."

"भट्टीपाशी कोण चोरी करून राहिलं?"

भट्टीपाशी भावसिंगच्या तोंडाला रुमाल असतो. नाकावर, कानांवर, कपाळापर्यंत. डोळ्यांत वाफ. फोन समोर धरला की तो थरथरायचा आणि तसाच बंद राहायचा. मग भावसिंग रुमाल सोडायचा, मान वर करायचा आणि वाफेत तोंड धरून उभा राहायचा.

"लग्नात एवढं तोंड दाखवलं न्हवतं तुमी," मिराबाई म्हणाली.

बोटांचं तर त्याहून अवघड. हळदीच्या पाण्यानं बोटांची कातडी कडक झालेली. ती काचेवर फिरायची आणि काचेला पत्ताच नसायचा. सुदाम हात पुसायला सांगायचा. भावसिंग धोतराला पुसायचा, पण धोतरही ओलंच असायचं.

संगिताकडं तिचा स्वतःचा अँड्रॉइड होता. एका कोपऱ्यातून तडकलेला, मागचं झाकण रबरानं बांधलेलं. सुदाम त्याला डबा म्हणायचा.

"तुझा डबा कुणीबी उघडतंय."

"म्हून तर कामाला येतंय."

"माझ्या दुकानात ये कवा. असले पोत्यानं पडलेत. दोन वर्षांत मरतात."

"मामाचा बटणाचा किती वर्षं होता?"

"ती गोष्ट वेगळी."

"व्हय," संगिता म्हणाली आणि टोपलं उचललं. "तो शिजला तवाच मेला."

आवाज

बटणांच्या फोनात एकही नाव साठवलेलं नव्हतं. भावसिंगला ते जमत नव्हतं आणि लागतही नव्हतं. कोण खाकरून बोलतं, कोण आधी बैलांना हाकारतं आणि मग हॅलो म्हणतं, कुणाच्या मागं पंपाचा आवाज असतो, एवढ्यावर माणूस ओळखू यायचा. ज्यांना उलट फोन करायचा, त्यांचे नंबर त्याच्या तोंडात होते.

आयफोनात मात्र नावं होती. फोन सुदामचा होता, तेव्हा नावंही सुदामची. तांड्यातले दोस्त, दोस्तांचे बाप, मेहुणे, पुण्यातलं दुकान.

"बाकीचे सांगा, भरून टाकतो," सुदाम म्हणाला होता. भावसिंग बांधावर बसून सांगायला लागला. दोन नंबर झाले आणि ड्रम उघडायची वेळ झाली.

"उद्या भरू," सुदाम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ते अमरसिंगच्या मळ्यात कुकर लावायची जागा बघायला गेले होते. अमरसिंग तांड्यातला मोठा शेतकरी. बाजेवर बसून तो मांडीवरच्या टॅबवर बाजारभाव बघत होता. शेजारी त्याचा मुलगा. तेव्हा भावसिंगचा फोन वाजला. सुदामनं तो उचलून स्पीकरवर दिला, आवाज किती मोठा येतो ते दाखवायला.

"सर, आपके लिए लोन ऑफर है," बाई म्हणाली.

"बोला बाई. कुठून बोलता?"

"सर, दिल्ली से. आपका नाम भावसिंग जी है?"

"व्हय, मीच. जेवण झालं का?"

अमरसिंगचा मुलगा हसायला लागला. त्यानं आपला फोन काढला आणि हे चित्रित करायला धरला. भावसिंगला वाटलं, तो आणखी कुणाला दाखवतोय. तो फोनकडं बघून हसला आणि बाईला म्हणाला, "आमच्याकडं हळद चालू हाय. तुमच्याकडं काय पिकतं?"

"काकांना दिल्लीचं पाव्हणं लागलं," पोरगा म्हणाला.

सुदामचे कान तापले. त्यानं फोन घेतला, कट केला आणि ट्रॅक्टरमागं जाऊन सेटिंग उघडली. तिथं एक बटण होतं. ज्यांची नावं फोनात नाहीत त्यांचे कॉल येतील, पण वाजणार नाहीत. दुकानात गिऱ्हाइकांना तो हे बटण रोज दाखवायचा. म्हाताऱ्या माणसांसाठी फार चांगलं, असंही सांगायचा.

त्यानं ते चालू केलं. भावसिंगला काही बोलला नाही. बोलला असता तर का ते सांगावं लागलं असतं.

हवामान

दोन्ही फोन टोपल्यावर शेजारी शेजारी ठेवले होते. आयफोनात सूर्य होता. डब्यात ढग होता आणि ढगाखाली तीन रेघा.

"ह्यात पाऊस न्हाई," सुदाम म्हणाला.

"ह्यात हाय," संगिता म्हणाली.

मिराबाईनं वर बघितलं. "आभाळाला इचारलं का कुणी?"

आभाळ वसमतच्या बाजूनं काळं झालेलं होतं. ज्यांची हळद काढून पडलेली, ते सगळे घाईला आले असणार. ओला ढीग भिजला तर आतून तापतो. एकदा तापला की हळकुंड बोटाखाली मऊ लागतं आणि वास बदलतो.

"आज फोन लई कमी," भावसिंग म्हणाला. "असल्या आभाळात तर सुचू देत न्हाईत लोक."

"काढणीच थांबवली असंल."

"पुंजाजीचा आला का रे?"

"न्हाई."

"एवढ्यात यायला पाहिजे होता. त्याची पानं तर कवाच वाळली."

"काढली नसंल अजून."

भावसिंगनं फोन खिशातून काढला, रुमाल सोडून तोंड दाखवलं, फोन उघडला, आणि आता पुढं कुठं दाबायचं ते न कळून परत ठेवला. पुंजाजी वाटेवरच्या गावातला लहान शेतकरी, जुना दोस्त; त्याला आपणच फोन करावा असं भावसिंगच्या मनात आलं होतं. सुदाम ड्रममध्ये वाकलेला होता. पोराला हाका मारून बोलवायचं आणि नंबर लाव म्हणायचं, आजच्या दिवसात तिसऱ्यांदा. राहू दे, मनाशी म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजलाच. अमरसिंगचा. नाव आलं, फोटोही आला.

"भावसिंग, आभाळ बघितलं का? कुकर घेऊन ये लगेच."

ते निघाले. वाट पुंजाजीच्या गावावरून जाते. त्याचं घर रस्त्याला लागून, निळ्या दाराचं. त्याची बायको जनकाबाई अंगणात उभी होती. तिनं हात वर केला. ट्रॅक्टरवर सुदाम होता. त्याला वाटलं राम राम करतेय. त्यानंही हात वर केला. भावसिंग मागं ड्रम धरून, घराकडं पाठ करून बसलेला. भट्टीत निखारे होते, त्यांचा धूर मागं पुंजाजीच्या अंगणात गेला.

संध्याकाळी पाऊस आला. फार नाही. जेवढा नको होता तेवढा.

बॅटरी

आयफोनची वायर घरी राहिली होती. संगिताची वायर त्याला बसेना. तोंड वेगळं. अमरसिंगच्या पोराकडून सुदामनं वायर मागून आणली. पोरगा म्हणाला, "दिल्लीहून फोन यायचा असंल." सुदाम हसला आणि वायर घेतली.

सकाळी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत संगिता तो फोन चार्जिंगवरून काढायला गेली. सुदाम मागं होताच, त्यानं आकडे दाबून तो उघडून दिला. हिरव्या चौकोनावर लाल टिपका होता. संगितानं बोट लावलं. लाल अक्षरात नंबर, एकाखाली एक. काही वेगळे. पण त्यांच्यामध्ये एकच नंबर पुन्हा पुन्हा, वरपासून खालपर्यंत.

"हे काय हो?"

सुदामनं बघितलं.

संगितानं तो नंबर आपल्या डब्यातून लावला. पलीकडं बाई बोलली.

"कोण?"

"मी संगिता. कुकरवाल्या भावसिंगची सून."

पलीकडं मागं जाळाचा आवाज येत होता.

"सांग तुझ्या सासऱ्याला," जनकाबाई म्हणाली. "म्हणावं, आमी काहील मांडली. आता तकलीफ घेऊ नका."

फोन बंद झाला. सुदामनं आयफोन हातात घेतला, सेटिंगमध्ये गेला, ते बटण बंद केलं. मग एकदा उघडून खात्री केली.

"बाला सांगू नको," तो म्हणाला.

"काय सांगू नको?"

"ह्ये. काहील मांडली एवढं सांग."

संगितानं तेवढंच सांगितलं. भावसिंग ड्रमचं झाकण घासत होता. त्यानं घासणं थांबवलं नाही. झाकण पुसून झालं तेव्हा म्हणाला, "काहिलीत? आता कोण शिजवतं काहिलीत?" आणि मग, "ट्रॅक्टर काढ." मिराबाई अमरसिंगची हळद वाळत घालायला मागं थांबली.

या भागाला नाव नाही

पुंजाजीच्या अंगणात गुळाची काहील तीन दगडांवर मांडलेली. खाली कापसाच्या पराट्या, पावसानं ओल्या, त्यामुळं जाळ कमी आणि धूर फार. वर दाबायची पोती एका बाजूला सारलेली. पुंजाजी लोखंडी फावड्यानं हळद खालीवर करत होता. साठीच्या पुढचा माणूस. दर चार वेळा फावडं टेकवून कंबर धरायचा. जनकाबाईचा उजवा हात कोपरापर्यंत फडक्यानं गुंडाळलेला. बाजूला एक लहान ढीग होता, निवडून काढलेल्या मऊ हळकुंडांचा. त्याचा वास फाटकापर्यंत येत होता.

भावसिंग कुकरवरून उतरला. या अंगणात शिरताना तो नेहमी जय भीम म्हणायचा आणि पुंजाजी उलट राम राम नाईक म्हणायचा. दोघं हसायचे.

"जय भीम, पुंजाजी."

"या," पुंजाजी म्हणाला. फावडं चालू होतं.

"मी आलो आसतो रे. तू फोन केला न्हाईस."

पुंजाजीनं फावडं टेकवलं. "केला न्हाई?"

"वाजला न्हाई."

पुंजाजीनं हात पायजम्याला पुसले. सदऱ्याच्या खिशातून आपला फोन काढला, तोही बटणांचा, आणि कुणाकडं न बघता नंबर दाबला.

भावसिंगच्या बंडीत घंटी वाजली. मोठी, स्वच्छ घंटी. त्यानं फोन बाहेर काढला. काचेवर आकडे होते, नाव नव्हतं. त्यानं बोट फिरवलं. फोन वाजत राहिला. त्यानं बोट धोतराला पुसून पुन्हा फिरवलं. अंगणातली कोंबडी बाजूला झाली. फोन वाजतच राहिला, शेवटी पुंजाजीनंच आपल्याकडून तोडला.

"आता वाजून राहिला," तो म्हणाला.

"मला खरंच—"

"कुकर रस्त्यानं गेला," जनकाबाई म्हणाली. "मी हात केला. तुमच्या पोरानं बी हात केला. धूर आला आमच्या अंगणात. कुकर न्हाई आला."

भावसिंगनं सुदामकडं बघितलं. सुदाम ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेला चिखल बुटाच्या टोकानं काढत होता.

"मोठ्याचं आधी, आमचं मागून," पुंजाजी म्हणाला. "आमाला काय ते नवं न्हाई. तुमच्याकडून नवं हाय."

तो भावसिंगला तुमी म्हणाला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भावसिंगला आधी ते समजलं नाही; मागं आणखी कुणी उभं आहे का म्हणून त्यानं वळून बघितलं.

"सांगा ना," संगिता नवऱ्याला म्हणाली. हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

सुदामनं बूट थांबवला.

"काका, बाची चूक न्हाई. मी त्यात एक बटण दाबलं होतं. ते कंपन्यांचे फोन येतात लोनबिनचे, त्याच्यासाठी. अनोळखी नंबर आला की वाजत न्हाई. आज सकाळी परत काढलं."

"अनोळखी," पुंजाजी म्हणाला.

"म्हंजी ज्यांची नावं फोनात न्हाईत."

"अमरसिंगचं हाय?"

"हाय."

"तांड्यातल्या लोकायची?"

"हायेत. फोन माझा होता ना आधी, म्हून ती—"

"अन ह्या गावातलं कोण हाय?"

सुदामनं आठवून बघितलं. आठवण्यासारखं काही नव्हतं, तरी बघितलं.

"मला वाटलं तुमीच दाबून ठेवला फोन," पुंजाजी भावसिंगला म्हणाला. "अमरसिंगनं सांगितलं आसंल म्हून. रात्रभर मी मनात भांडून राहिलो तुमच्याशी. तसं आसतं तर बरं होतं."

त्यानं फावडं उचललं. भावसिंग पुढं झाला आणि त्यानं फावड्याचा दांडा धरला. दोघांचेही हात पिवळे होते. थोडा वेळ दोघांनी ते धरून ठेवलं.

"राहू द्या," पुंजाजी म्हणाला. "वाफ लागते."

वीस वर्षं वाफेत उभ्या असलेल्या माणसानं हात काढून घेतला.

"उरलेली तरी कुकरमध्ये घालू. थोड्या वेळात होईल."

"न्हाई. एकाच शेताची दोन रंगाची नको."

जनकाबाईनं चहा आणला. डाव्या हातानं ताट धरून, एकेकापुढं केलं. कुणी नको म्हणू शकलं नाही. चहात नेहमीसारखी साखर जास्त होती. कपाला हळदीची बोटं उमटली, ती भावसिंगनं कप परत देताना पुसायचा प्रयत्न केला आणि आणखी पसरवली.

निघताना संगिता जनकाबाईच्या जवळ गेली. "मावशी, हाताला काय लावलं?"

"लावलं काहीतरी," जनकाबाई म्हणाली आणि काहिलीखाली पराट्या सारल्या.

वापर

आता फोन वाजायला लागला होता. गावाबाहेर पडेपर्यंत दोनदा, मग नाल्यापाशी, मग चढावर. सगळे बिननावाचे. सुदाम ट्रॅक्टर चालवत होता, भावसिंग आणि संगिता त्याच्या मागं मडगार्डवर बसलेले; त्यानं मागं बघितलं नाही. भावसिंगचं बोट काचेला कळेना म्हणून संगिता आपल्या बोटानं फोन उचलायची आणि सासऱ्याच्या कानाला धरायची. एकानं दुसरा कुकर लावला होता. एकाची हळद भिजली होती. एक नुसता ओरडला आणि त्यानं तोडला. भावसिंग प्रत्येकाला चुकलं म्हणत होता. का चुकलं ते कुणालाच सांगत नव्हता.

"बा, मी आज सगळी नावं भरून देतो," सुदाम पुढूनच म्हणाला. "बसू आज निवांत. एकदा भरली की मग हा फोन कवाच धोका देत न्हाई. दुकानात आमी—"

"संगिता," भावसिंग म्हणाला, "तुझ्या डब्यात दोन सिमं बसतात का गं?"

"बसतात, मामा."

"मग ह्यातलं काढ."

तिनं ब्लाउजची पिन काढली, आयफोनच्या कडेच्या बारीक भोकात टोचली आणि सिम बाहेर घेतलं. ट्रॅक्टर हलत होता. ते तिनं ओठांत धरलं, डब्याचं रबर सोडलं, झाकण काढलं आणि आत बसवलं. आयफोन तिनं पुढं हात लांबवून सुदामच्या मांडीवर ठेवला. तो खड्ड्यात घसरून खाली पायांत पडला. सुदामनं उतारावरून गाडी नेईपर्यंत तो उचलला नाही.

"नाव सांगा," संगिता म्हणाली.

"पुंजाजी."

"पुढं काय लिहू? गाव?"

"नुसतं पुंजाजी."

तिनं लिहिलं. नंबर भावसिंगनं तोंडपाठ सांगितला, एकदाही न अडखळता. मग दुसरं नाव सांगायला त्यानं तोंड उघडलं, आणि रुमालानं ते झाकून घेतलं. भट्टी थंड होती. वाफ कुठंच नव्हती.

कुकर घेतला त्या वर्षी, नव्या यंत्रात हळद बिघडेल या भीतीनं, तांड्यातलं कुणीही आपली हळद त्यात घालू द्यायला तयार नव्हतं, अमरसिंगसुद्धा नाही. पहिला ड्रम पुंजाजीच्या हळदीचा भरला होता.